चौदाव्या शतकातल्या युरोपीय पद्धतीच्या झग्यासाठी लोकर घेताना

आधी रंग बघू नका, कापड हातात घ्या. खांद्यावर टाकून पाहा: मऊ, जड घड्या पडत खाली आलं तर ते झग्याचं कापड. तंबूसारखं ताठ उभं राहिलं तर बाजूला ठेवा. माझा पहिला झगा ओव्हरकोटच्या जाड कापडाचा होता, त्याच्या बाह्या कोपरात वाकतच नव्हत्या. जाड लोकर अंगावरच्या शालीसाठी ठेवा.

ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेसच्या दफनभूमीत १९२१ साली जे मध्ययुगातले कपडे सापडले, त्यांत दोन धाग्यांवरून-दोन धाग्यांखालून जाणारी तिरपी वीण भरपूर दिसते. तशी ट्विल बिनधास्त घ्या. साधी वीणही चालते, पण धुऊन-आटवून घट्ट केलेली हवी. तिच्या कडा उसवत नाहीत, शिवायलाही सोपी जाते.

दुकानदार 'शुद्ध लोकर' म्हणाला तरी एक धागा ओढून जाळाच. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, आणि शेकोटीजवळ ते धोक्याचं असतं.

कापण्याआधी कापड कोमट पाण्यात भिजवून वाळवा. आटायचं ते तेव्हाच आटू दे. म्हणून मीटरभर जास्तच घ्या. घेराच्या कळ्यांना कापड फार लागतं.