विशाखापट्टणमला मधुचंद्र: चार दिवसांत अरकू बसवावे का?

तुमचा प्रश्न असा आहे की, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लग्न झाले की तुम्ही दोघे चार दिवसांसाठी विशाखापट्टणमला जाणार आहात, मामांनी कैलासगिरी टेकडी, पाणबुडीचे संग्रहालय, सिंहाचलमचे मंदिर, समुद्रकाठचे भीमिली आणि एका दिवसात गाडीने डोंगरातले अरकू जाऊन-येऊन अशी यादी करून दिली आहे, आणि हॉटेल बीच रोडवर घ्यावे की ऋषिकोंड्याला एवढेच तुम्हाला ठरवायचे आहे. हॉटेलाविषयी पुढे लिहीतच आहे. परंतु त्या यादीविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही, कारण जवळजवळ हीच यादी आमच्या लग्नानंतर माझ्या मोठ्या दिरांनी आमच्या हातात ठेवली होती.

अरकू एका दिवसात करू नका. शहरापासून ते सुमारे ११५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि वरचा बराच रस्ता घाटाचा आहे. विशाखापट्टणम आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला असल्यामुळे डिसेंबरमध्ये तिथे साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो, म्हणजे परतीचा घाट तुम्ही अंधारात उतरणार. पहाटे निघून रात्री हॉटेलात परतलेल्या माणसांनी त्या दिवशी मुख्यतः गाडीची सीट पाहिलेली असते.

आमच्या वेळी दिरांनी पहाटेची गाडी ठरवून, पैसेही आगाऊ भरून ठेवले होते. ते मनापासून केले होते, याबद्दल मला आजही शंका नाही. निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही हॉटेलात सामान लावत असताना यजमान गप्प गप्प होते. बऱ्याच वेळाने त्यांनी सांगितले की लहानपणापासून त्यांना घाटात गाडी लागते; शाळेच्या सहलीतही ते उपाशीपोटी बसत आणि खिशात आवळासुपारीची पुडी ठेवत. मोठ्या भावाला हे माहीत नव्हते का, असे मी विचारले. माहीत होते, पण लग्न झालेल्या माणसाला आता काय गाडी लागणार, असे म्हणून त्यांनी विषय संपवला होता, आणि भावाच्या शब्दापुढे बोलायची यांना सवय नव्हती. मी तेव्हाच गाडीवाल्याला फोन करून उद्या येऊ नका असे सांगितले, आणि आम्ही अरकूवरून पुढे किरंदुलकडे जाणारी सकाळची रेल्वे पकडली.

त्या रेल्वेविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण तुमच्या यादीत ती नाहीच. मैदान संपले की गाडी पूर्व घाटात शिरते आणि मग बोगद्यामागून बोगदा लागतो. अंधारातून बाहेर आले की खाली दरी, पलीकडच्या डोंगराच्या कडेला आपलाच पुढचा मार्ग रेघेसारखा दिसतो, आणि डोळे सरावेपर्यंत पुढचा बोगदा येतो. गाडीचा वेग कमी असतो, पण वळणे अंगावर येत नाहीत. यजमान सबंध वेळ दारापाशी उभे होते आणि त्यांना काहीही झाले नाही. या मार्गावर २०१७ पासून मोठ्या काचांचा विस्टाडोम डबाही लागतो. त्याची आसने लवकर भरतात, तेव्हा लग्नपत्रिका छापायला टाकण्याआधी ते आरक्षण पाहा.

रात्र आम्ही अरकूतच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुके होते आणि हाताशी कोणताही कार्यक्रम नव्हता. रस्त्याच्या कडेने चालत गेलो तर दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांची शेते. जवळ जाऊन पाहिले तर ते कारळे होते. ज्याची चटणी आपण रोज भाकरीबरोबर खातो त्याचे फूल मी त्याआधी कधी पाहिलेच नव्हते. आम्ही नोव्हेंबरच्या अखेरीस गेलो होतो. डिसेंबरच्या मध्यापर्यंत फुलोरा ओसरू लागतो, तेव्हा तुम्हाला शेते थोडी विरळ दिसतील. तिथल्या कॉफीचे मळे मोठ्या झाडांच्या सावलीत असतात आणि त्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात, तेही पायी चालतानाच नीट दिसतात. आम्ही दोघे घरच्या पैशांविषयी, माझ्या नोकरीविषयी आणि वेगळे राहावे का याविषयी पहिल्यांदा मोकळेपणाने बोललो ते त्या रस्त्यावर. लग्न ठरल्यापासून आम्हाला तेवढा निवांतपणा कोणी दिलाच नव्हता. परतताना जीपने बोरा गुहालूपर्यंत आलो (तो घाटाचा लहान टप्पा यजमानांनी पुढच्या सीटवर बसून काढला), गुहा पाहिल्या आणि तिथल्याच स्टेशनवरून रेल्वे धरली. चुनखडीच्या या गुहांमध्ये छतातून पाणी सतत ठिबकत असते आणि पायऱ्या ओल्या असतात, म्हणून नव्या नवरीने ठेवणीतल्या चपला घालून जाऊ नये. गुहांमधून वाहणारी गोस्तनी नदी पुढे भीमिलीला समुद्राला मिळते. भीमिली पाहायचीच असेल तर हे लक्षात ठेवून पाहा, एरवी तिथे डचांची जुनी दफनभूमी आणि शांत किनारा एवढेच आहे.

आता शहराविषयी थोडक्यात. आय. एन. एस. कुरसुरा ही पाणबुडी अवश्य पाहा. १९६९ साली नौदलात आलेली ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून रामकृष्ण बीचवर संग्रहालय म्हणून उभी आहे. आत माणसे किती अरुंद जागेत महिनोन्महिने राहत होती, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. कैलासगिरीला सकाळी जा, म्हणजे किनाऱ्याचे वळण स्वच्छ दिसते. सिंहाचलमला देव वर्षभर चंदनाच्या लेपात असतो आणि निजरूप दर्शन फक्त अक्षय्य तृतीयेला होते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर मूर्ती नीट पाहिली का अशी विचारणा परत आल्यावर होत राहते. समुद्र पूर्वेला आहे. कोकण-गोव्याच्या सवयीने संध्याकाळी सूर्यास्त पाहायला किनाऱ्यावर जाल तर सूर्य पाठीमागे डोंगराआड जाईल. पाण्यातून वर येणारा सूर्य पाहायचा असेल तर सव्वासहाच्या आत वाळूवर हजर राहा.

हॉटेलाचे म्हणाल तर पायी फिरायचे असल्यास बीच रोड आणि शांतता हवी असल्यास ऋषिकोंडा. रामकृष्ण बीचवर पाण्यात उतरू नका, तिथल्या प्रवाहांनी जीव घेतले आहेत. ऋषिकोंड्यालाही जीवरक्षक सांगतील तेवढ्याच भागात जा. खोली कुठेही घ्या, पण आरक्षण आणि तिकिटे ओळखपत्रावरच्या नावानेच करा. लग्नानंतरचे नवे नाव हौसेने टाकले तर तपासनीसासमोर आणि हॉटेलच्या काउंटरवर अकारण अडचण होते.

माझे दीर आजही घरातल्या प्रत्येक कार्यात सांगतात की आम्ही आगाऊ भरलेले पैसे बुडवले आणि एक अख्खा दिवस अरकूत काही न पाहता घालवला. पैसे बुडाले हे खरे आहे आणि ते आम्ही त्यांना परत दिले. दिवसाबाबत मात्र मी त्यांचे म्हणणे कधीही मान्य करणार नाही. प्रवास कोणाचा आहे, कोणाला काय झेपते, हे न विचारता केलेली यादी कितीही प्रेमाने केलेली असली तरी ती त्या दोघांची होत नाही. तुमच्या प्रश्नात मामा आहेत, हॉटेल आहे, गाडी आहे. होणाऱ्या पत्नीने ही यादी पाहिली आहे का, हे कुठेच नाही. आज संध्याकाळी तिला ती पाठवा आणि तिने जे खोडले त्याचे कारण मामांना तुम्ही स्वतः सांगा, तिला सांगायला लावू नका.

दोन गोष्टी राहिल्या. तुम्हा दोघांनाही घाटाचा त्रास नसेल आणि रजा खरोखरच वाढत नसेल, तर रेल्वेने फक्त बोऱ्यापर्यंत जाऊन त्याच दिवशी परतणे जमते. तेवढे करा आणि अरकू पुढच्या खेपेला ठेवा. शिवाय बंगालच्या उपसागरात डिसेंबरमध्येही चक्रीवादळे येतात. २०२३ मध्ये मिचौंग ५ डिसेंबरला आंध्रच्याच किनाऱ्यावर धडकले होते. म्हणून रद्द केल्यास पैसे परत मिळतील असेच आरक्षण घ्या आणि निघण्याच्या आठवड्यात हवामान खात्याचा इशारा रोज पाहा.