शून्य सावली बघायला बरोबर १२ वाजताच गच्चीत जायचं ना?

प्रश्न असा आहे: आम्ही नागपूरला असतो, मुलीला शून्य सावली दाखवायची आहे. कधी आणि कशी बघायची? दुपारी १२ ला उभं राहायचं ना? आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त गरम असतं का?

१२ ला नाही हो. शून्य सावली म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली कुठल्याच बाजूला पडत नाही तो क्षण, आणि तो १२ ला येत नाही. या एका "१२ ला ना?" वरून माझं आणि माझ्या साडूंचं २०२३ पासून बिनसलंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. घाई असेल तर नागपूरची तारीख-वेळ अगदी खाली दिलीये, तेवढी बघा आणि पळा.

साडू सिव्हिल इंजिनियर, मोठमोठ्या साइटी केलेला माणूस. मी बीकॉम, औषधांच्या एका डिस्ट्रिब्युटरकडे अकाउंट्स बघतो. सासरी कुठलाही आकडा निघाला की सगळ्यांच्या माना आपोआप साडूंकडे वळतात, अगदी टीव्ही किती इंची घ्यायचा इथपर्यंत. मला फक्त रिटर्न भरायचं विचारतात, तेही जुलै संपत आल्यावर. तर मला सायन्सची आवड आहे हे तिकडे कोणाच्या खिजगणतीत नव्हतं आणि म्हणून मी ठरवलं होतं की एकदा काहीतरी करून दाखवायचं.

२०२३ ला १४ मे नेमका रविवारी आला. पुण्याची शून्य सावली १३-१४ मेची असते, आम्ही सगळे सासूबाईंकडे जेवायला जमणार होतोच, म्हटलं हाच मोका. मी आठवडाभर आधी ग्रुपवर टाकून ठेवलं की रविवारी १२:३१ ला सगळ्यांनी गच्चीत यायचंय. त्यावर साडूंचा लगेच रिप्लाय, "१२:३१ का? सूर्य डोक्यावर १२ ला येतो." मी लिहिलं की येत नाही. त्यांनी हसण्याचे तीन चेहरे टाकले. झालं, तिथून सुरुवात.

आता हे १२:३१ कुठून आलं ते सांगतो. आपली घड्याळं आपल्या गावाच्या सूर्यावर चालतच नाहीत, ती चालतात ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे तिकडे मिर्झापूरजवळच्या सूर्यावर. पुणं त्याच्या पावणेनऊ अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे आपला सूर्य साधारण ३५ मिनिटं लेट. त्यातून मेच्या मध्यावर सूर्य घड्याळाच्या पावणेचार मिनिटं पुढे पळत असतो (पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, म्हणून वर्षभर हे पुढेमागे होत राहतं), ती वजा केली की १२:३१. याला इंजिनियरिंग लागत नाही, हा तिसरीतला गुणाकार आहे.

आणि ही काही नवीन भानगड नाहीये. १ जानेवारी १९०६ ला ही सगळ्या देशाची एक वेळ आली तेव्हा मुंबईने ती सरळ मानलीच नाही, पार १९५५ पर्यंत "मुंबई टाइम" वेगळा चालायचा, ३९ मिनिटं मागे. आमचे आजोबा सांगायचे की कोणी भेटायची वेळ दिली की आधी विचारायला लागायचं, मुंबई टाइम का स्टँडर्ड. ज्या माणसाच्या आजोबांनी अशी दोन घड्याळं बघितली त्याच्या नातवाला १२ म्हणजे १२ असं ठणकावून सांगता येतं याची मला कमाल वाटते. साडूंचे आजोबा गिरगावातले होते, म्हणून म्हणतोय.

असो. त्या रविवारी मी प्लंबरकडून उरलेल्या चार इंची पीव्हीसी पाइपाचा दोन फुटी तुकडा घेऊन गच्चीत गेलो. गच्चीत सासूबाईंच्या साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातलेल्या, प्लॅस्टिकच्या कागदावर, चार कोपऱ्यांना चार दगड. त्यातून वाट काढत पाइप उभा केला. साडू बरोबर १२ ला वर आले, मुद्दामच, आणि पाइपाकडे बघितलं. चार बोटं सावली होती, पश्चिमेला. गणिताने पावणेआठ सेंटीमीटर यायला पाहिजे आणि तेवढीच होती, मी पट्टी लावली होती. पण साडूंनी बघितलं, "फेल," म्हणाले आणि आंबा खायला खाली गेले. मी म्हटलं अहो अर्धा तास थांबा, तुम्ही १२ ला आलात ही तुमची चूक. ते जिन्यातून म्हणाले, "अहो अकाउंटंट, सूर्याला तुमचं टॅली कळत नाही."

१२:२५ ला मी सगळ्यांना जवळजवळ ओढतच वर आणलं. सावली आखडत चालली होती, मिनिटामिनिटाला दिसत होती आखडताना, साडूंची सातवीतली मुलगी तर पाइपाशेजारी उकिडवी बसली आणि ओरडायला लागली की काका, पळतीये, पळतीये. १२:२९, १२:३०, १२:३१. आणि थांबली. शून्यावर नाही. एका बाजूला करंगळीच्या नखाएवढी काळी कड राहिलीच. मी दोन मिनिटं थांबलो, ती कड बाजूला सरकली पण जाईना. तारीख बरोबर, वेळ बरोबर, आणि सावली आहे.

साडूंनी खिशातून हात काढला, पाइपाला बोट लावलं आणि म्हणाले, "गच्ची उताराची असते, राव. पाणी जायला शंभराला एक स्लोप देतो आम्ही. तुमचा पाइप वाकडा उभा आहे."

बरोबर होतं ते. शंभराला एक म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच, आणि दोन फुटी पाइपाला तेवढ्याने सहा मिलिमीटर सावली येते. मी आठवडाभर रेखांश, मिनिटं, सेकंद मोजत बसलो आणि पायाखालची फरशी बघितलीच नाही. जेवताना हा किस्सा तीन वेळा झाला. आणि त्यात गंमत अशी झाली की "पाइप वाकडा होता" हे सिद्ध झाल्यामुळे "सूर्य १२ लाच डोक्यावर येतो" हेपण सिद्ध झालं असं सगळ्यांनी आपोआप धरून चाललं! म्हणजे एका मुद्द्यात जिंकलेला माणूस दुसऱ्या मुद्द्यातही जिंकतो हे कुठलं लॉजिक आहे मला माहीत नाही, पण जेवणाच्या टेबलावर तेच चालतं.

फक्त सासूबाई म्हणाल्या, आणि हे मला तेव्हापासून आठवतंय, की "मला ते अंशबिंश कळत नाही, पण चैत्रात ऐन दुपारी या दक्षिणेच्या कठड्याला वीतभर सावली असते, तिथे वाळवण खेटून घालता येत नाही. आत्ता वैशाखात ती जाते. आणि पुढे मग समोरच्या, उत्तरेच्या कठड्याला येते." अहो, हाच तर अख्खा विषय आहे! सूर्य उत्तरेला सरकत सरकत आपल्या डोक्यावरून पलीकडे जातो. चाळीस वर्षं वाळवणं घालून त्यांना जे कळलं ते आम्हा दोघांपैकी कोणीही कधी नुसतं बघून सांगितलं नसतं. पण त्यांच्या बोलण्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आमरस वाढणं चाललं होतं.

मग महिन्याने २१ जून. साडूंनी ग्रुपवर टाकलं, "आज सूर्य बरोबर डोक्यावर, कोणाला पाइप लावायचा असेल तर लावा." हा दुसरा गैरसमज, आणि हा १२ च्या गैरसमजापेक्षा जास्त पसरलेला आहे. २१ जूनला सूर्य कर्कवृत्तावर असतो. कर्कवृत्त पुण्यातून जात नाही. २१ जूनला डोक्यावर सूर्य पाहिजे असेल तर उज्जैनला जायला लागेल, तिथे जवळपास तसं दिसतं. पुण्यात त्या दिवशी सूर्य जवळजवळ पाच अंश उत्तरेला असतो, मीटरभर काठीची सावली भर दुपारी साडेआठ सेंटीमीटर पडते, आणि पडते ती दक्षिणेला. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात सूर्य दिवसभर, म्हणजे उगवल्यापासून मावळेपर्यंत, उत्तरेच्याच बाजूने जातो. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे, मेअखेरीस सकाळी ओट्यावर, गॅसच्या शेगडीपर्यंत उन्हाची तिरीप येते, दिवाळीत बघाल तर नाव नाही. मी शेगडीसकट त्या तिरिपीचा फोटो टाकला ग्रुपवर. साडूंनी लिहिलं, "डोक्यावर म्हणजे साधारण डोक्यावर." मेमध्ये अर्धा अंश चालत नाही आणि जूनमध्ये पाच अंश साधारण!

त्याच जुलैत, सूर्य परत दक्षिणेकडे येताना, दुसरा चान्स होता (२९-३० च्या आसपास, आणि तेव्हा वेळ १२:४१ असते, तेही लक्षात घ्या), पण पुण्यात जुलैअखेर सूर्य दिसायची आशा कोणी धरावी. पूर्ण वाया.

२०२४ ला मात्र मी सोडलं नाही. १३ मे, सोमवार, पुण्यात लोकसभेचं मतदान होतं त्यामुळे सुट्टी. सकाळी मत दिलं, बोटाची शाई वाळते न वाळते तोवर सासूबाईंच्या गच्चीत. या वेळी मिस्त्रीकडून ओळंबा (दोरीला वजन लटकवलेलं असतं ते, सरळ उभं आहे का बघायला) मागून आणला होता. पाइप दोन विटांवर टेकवला, म्हणजे खालून फट राहते आणि पाइपाच्या पोकळीतून पडणारं ऊन फरशीवर दिसतं. मग ओळंबा लावून उताराच्या बाजूच्या विटेखाली पत्ते सरकवत गेलो, चार पत्ते लागले, त्यात दोन जोकर. ढग येत-जात होते, जीव नुसता टांगणीला. १२ ला पाइपाखाली बदामाएवढं ऊन होतं. ते फुगत गेलं, लिंबाच्या फोडीसारखं झालं, मग सव्वाबाराच्या पुढे चांगलंच गुबगुबीत, आणि १२:३१ ला फरशीवर पूर्ण गोल पडला. भाकरीसारखा गोल. भोवती पाइपाच्या जाडीची बारीक काळी रिंग आणि बाहेर सावली नाही. कुठल्याच बाजूला नाही. वर आम्ही दोघंच, मी आणि सासूबाई. त्या म्हणाल्या, "छान दिसतंय." मी व्हिडिओ काढला, ग्रुपवर टाकला. साडूंचं मतदान तिकडे चिंचवडला होतं. संध्याकाळी त्यांनी अंगठा पाठवला. नुसता अंगठा!

बरं, आता तुमचं नागपूर. २६ मेच्या आसपास, दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी. तुम्ही पुण्यापेक्षा बरेच पूर्वेला आहात म्हणून तुमचा सूर्य तेरा-चौदा मिनिटंच लेट असतो, त्यातून तेव्हाची पुढे पळण्याची तीनेक मिनिटं वजा, त्यामुळे तिकडे "१२ ला डोक्यावर" हा गैरसमज आमच्यापेक्षा कमी चुकीचा आहे, पण चुकीचाच आहे. दुसरा दिवस १७-१८ जुलैला, ढगांच्या भरवशावर राहू नका. ज्यांना आपापलं गाव पाहिजे त्यांच्यासाठी: कोल्हापूर ६-७ मे, सोलापूर १०, मुंबई १५-१६ (१२:३५ ला), नाशिक २० मे. एखाद दिवस इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही, दिवसाला पाव अंशाचाच फरक आहे, मीटरभर काठीला चार-पाच मिलिमीटर. वेळ मात्र चुकवू नका, ४ मिनिटं चुकलात तर तीच सावली दीड सेंटीमीटरच्या वर जाते. आणि दिल्लीत राहणाऱ्यांनी गच्चीत जाऊच नये, तिकडे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही.

वेळ स्वतः काढायची तर त्या दिवशीचा सूर्योदय आणि सूर्यास्त घ्या आणि बरोबर मध्य काढा. पुण्यात तेव्हा ६:०२ आणि ७:०० असतं, मध्य १२:३१. फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या वेळा बहुतेक मुंबईच्या असतात, त्या नागपूरला लावू नका. मुलीकडूनच काढून घ्या, येईल तिला.

गरमीचं विचारलंत ते राहिलं. तसा नियम नाही, पुण्यात एप्रिलच जास्त तापतो, मेच्या मध्यावर ढग यायला लागलेले असतात. तुमच्याकडे नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) २५ मेला लागतो म्हणून ते जुळून आल्यासारखं दिसतं, त्यात ढग, वारा, जमीन किती सुकलीये असं बरंच असतं, ते कोणीतरी हवामानवाल्याने सांगावं. आणि सूर्याकडे बघू देऊ नका, खाली सावलीकडे बघायचंय, मुलीच्या डोक्यावर टोपी घाला, नागपूरचा मे आहे.

पाइप, ग्लास, डबा काहीही चालेल, फक्त ओळंब्यात उभा पाहिजे. गच्चीला उतार असतो, हे साडूंचं क्रेडिट, ते मी कधी नाकारलं नाही.

एक काम करा. मीटरभर काठी घ्या आणि १२:१० च्या फोटोबरोबर बरोबर १२ वाजताचाही एक काढा, शेजारी पट्टी ठेवून. सव्वाचार सेंटीमीटरच्या आसपास सावली यायला पाहिजे. तो १२ चा फोटो इथे खाली टाका, मला एका ठिकाणी पाठवायचाय.