कॅराव्हॅनला ऑनिंग लागतंच का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ईको व्हॅनमध्ये झोपायची सोय करून घेतली आहे. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार भंडारदरा, नाहीतर वैतरणा. सगळे म्हणतात ऑनिंगशिवाय, म्हणजे गाडीच्या कडेला लावायच्या गुंडाळत्या कापडी छताशिवाय, मजा नाही. घ्यावं का? (इंदिरानगर)

एवढ्यात नका घेऊ. ऑनिंग लागेल की नाही, हे गाडी दिवसाउजेडी एका जागी किती तास उभी राहते त्यावर ठरतं. शनिवारी संध्याकाळी पोचायचं आणि रविवारी नाश्ता उरकून निघायचं, अशा सहलीत उन्हात बसायचे तास जेमतेम तीन-चार असतात. तेवढ्यासाठी दहा-बारा किलोचं लांबडं गाठोडं वर्षभर कॅरिअरच्या एका कडेला बाळगायचं, ॲव्हरेज कमी करून घ्यायचं आणि गल्लीत गाडी लावताना झाडाच्या फांद्या सांभाळायच्या, हा व्यवहार परवडत नाही.

त्याआधी गाडीची फुकटची सावली वापरून बघा. गाडीचं तोंड दक्षिणेला केलं की डावी बाजू पूर्वेला येते आणि दुपारनंतरची सावली त्याच अंगाला पडते. ईकोची उंची १.८ मीटरच्या आसपास. डिसेंबरात दुपारी चार वाजता तिची सावली पूर्वेकडे तीन मीटरपर्यंत जाते. दोन खुर्च्या आणि एक टेबल त्यात आरामात बसतं. उन्हाळ्यात मात्र ही युक्ती भर दुपारी चालत नाही. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि गाडीची सावली गाडीखालीच राहते.

त्या दिवसांसाठी १० बाय १२ फुटांची, २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) ताडपत्री पुरते. लांब बाजू कॅरिअरच्या दांडीला तीन-चार ठिकाणी बांधा. बाहेरच्या दोन कोपऱ्यांना साडेपाच फुटांचे दोन पाइप लावा. पाइपाच्या टोकात लाकडी खुंटी ठोकून तिला डोकं उडवलेला खिळा मारला की तो ताडपत्रीच्या आयलेटमध्ये (कडेच्या भोकातल्या कडीत) बसतो आणि वाऱ्यात निसटत नाही. प्रत्येक पाइपाला दोन ताणदोर, दोन वेगळ्या दिशांना. कॅरिअर नसेल तर ताडपत्री टपावरून पलीकडे टाकून दोऱ्या पलीकडच्या चाकांच्या रिममधून ओवून बांधता येतात. निघण्याआधी त्या सोडायच्या, म्हणून स्टिअरिंगला एक फडकं बांधून ठेवा.

चार-पाच सहली अशा करा. ताडपत्री पिशवीतून निघालीच नाही, तर प्रश्न मिटला. दर वेळी निघाली आणि ती बांधण्या-सोडण्याचाच कंटाळा येऊ लागला, तर ऑनिंगवर खुशाल पैसे घाला. एकाच जागी दोन-तीन मुक्काम करणारे, बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असणारे आणि स्वयंपाक गाडीबाहेर करणारे, यांचे पैसे वसूल होतात.

प्रश्न : जुलैत भावली धरणाच्या बाजूला होतो. रात्रीत ऑनिंगवर पाण्याचा फुगा झाला आणि सकाळी बाहेरचा पाय वाकलेला होता. कापड हलकं निघालं का? (पाथर्डी फाटा)

कापडाचा दोष वाटत नाही, उतार कमी पडला. हिशोब करा : २ बाय २.५ मीटरच्या ऑनिंगचं क्षेत्र ५ चौरस मीटर. त्यावर सरासरी २ सेंटिमीटर पाणी साचलं तरी १०० लिटर, म्हणजे १०० किलो. ते सगळीकडे सारखं पसरत नाही, मध्ये झोळ पडतो तिथे गोळा होतं. झोळ वाढला की आणखी पाणी येतं आणि त्याने झोळ आणखी वाढतो. टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणारे, पाय असं ओझं पेलण्यासाठी केलेलेच नसतात.

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. इगतपुरीकडे, म्हणजे भावलीच्या बाजूला, ३००० च्या वर. गंगापूर रोडला निभावलेली मांडणी घाटमाथ्यावर निभावेलच असं नाही. तिकडे पुढची कड गाडीकडच्या कडेपेक्षा निदान ४० सेंटिमीटर खाली हवी. शिवाय पुढच्या दोन पायांपैकी एक, दारापासून लांबचा, आणखी २० सेंटिमीटर खाली घ्या. पाणी एकाच कोपऱ्यातून धारेने पडतं आणि त्याच्याखाली बादली ठेवली की भांडी धुवायच्या पाण्याचीही सोय होते. मधला झोळ घालवायला आडवी दांडी मिळते. ती नसेल तर कॅरिअरपासून पुढच्या दांडीपर्यंत कापडाखालून एक दोर ताणून बांधा.

आणि पावसाळ्यात झोपायच्या आधी ऑनिंग गुंडाळा. रात्रभर उघडं ठेवण्यात कुणाचंच भलं नाही. ओलं गुंडाळावं लागलं तरी चालेल. त्याबद्दल पुढे एक प्रश्न आहेच.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. घाटमाथ्यावरचा पाऊस तिरका येतो, तोही बहुतेक पश्चिमेकडून. नुसत्या छताखाली माणूस कमरेपर्यंत भिजतो. पावसासाठीच ऑनिंग घेत असाल तर एक तरी बाजूची भिंत बरोबर घ्या आणि गाडी अशी लावा की पश्चिमेचा मारा गाडीच्या अंगावर येईल आणि ऑनिंग पूर्वेच्या आडोशाला राहील.

प्रश्न : वळवाच्या वाऱ्यात ऑनिंग उलटं होऊन टपावर आपटलं. मेखा तर पक्क्या ठोकल्या होत्या. (ओझर)

वळीव येण्याआधी दहा मिनिटं हवा पडलेली असते आणि मग एकदम झोड उठते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात ५ चौरस मीटर कापडावर ३५-४० किलोचा जोर येऊ शकतो, ६० च्या वाऱ्यात ८५ च्या आसपास. हा जोर खालून वर उचलणारा असतो. मेखा टिकल्या तर बिजागऱ्या तुटतात. त्यामुळे मे महिन्यात ढग काळवंडले आणि वारा थांबला की चहा बाजूला ठेवून ऑनिंग गुंडाळायचं. याला दुसरा उपाय नाही.

त्याखालच्या वाऱ्यासाठी मात्र मेखा आणि दोर महत्त्वाचे. ऑनिंगबरोबर येणाऱ्या १८-२० सेंटिमीटरच्या बारीक मेखा काढून ठेवा. फॅब्रिकेशनवाल्याकडून १२ मिलिमीटरच्या सळईच्या ४० सेंटिमीटर लांबीच्या आठ मेखा करून घ्या, एका टोकाला आकडा आणि दुसऱ्याला अणी. ठोकताना मेखेचं डोकं गाडीपासून बाहेर कललेलं आणि दोराशी साधारण काटकोन. सरळ उभी ठोकलेली मेख हिसक्याने सैल होते.

जमीन कोणती तेही बघा. मुरमात ही मेख घट्ट बसते. काळ्या मातीत कोरड्यात पक्की वाटते, पण एक सर आली की लोण्यातून निघावी तशी निघते. तिथे एका दोराला दोन मेखा, एकीमागे एक हातभर अंतरावर ठोकून एकमेकींना बांधा. कातळावर मेख जातच नाही. तिथे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत दगड भरून त्यांना दोर बांधा. पाण्याचा २० लिटरचा कॅन हे वजन म्हणून अपुरं आहे, वरचे आकडे पाहिलेतच.

दोर ६ मिलिमीटरचा पॉलिस्टरचा घ्या. नायलॉन भिजल्यावर ताणतो आणि कापड फडफडू लागतं. सुती दोर भिजल्यावर आकसतो आणि मेख उपटतो. दोर आणि मेख यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा बांधला की हिसका ट्यूब घेते आणि आयलेट फाटत नाहीत.

प्रश्न : द्राक्षबागेची शेडनेट घरात पडून आहे. ऑनिंगऐवजी चालेल? (पिंपळगाव बसवंत)

उन्हासाठी ऑनिंगपेक्षा चांगली. हवा आरपार जाते, त्यामुळे खाली कोंडत नाही आणि वाऱ्याचा उचलही कमी. ५० टक्के ऊन अडवणारी असेल तर दुहेरी घ्या. ७५ ची एकेरी पुरते. कडेला दुमड घालून आयलेट मारून घ्या, नाहीतर जाळी बांधलेल्या जागी उसवत जाते. पावसात काहीच उपयोग नाही, पण फेब्रुवारी ते मे नाशिककराला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

प्रश्न : ट्रॅव्हलरवर कॅसेटचं, म्हणजे लांबट पेटीत गुंडाळून राहणारं, ऑनिंग बसवायचं आहे. टपाला भोकं पाडायची भीती वाटते. आरटीओची अडचण येईल का? (सातपूर)

भीती योग्य आहे. ऑनिंग बसवल्यावर गळती लागते ती बहुतेक याच भोकांतून. तीन मीटरच्या कॅसेटचं वजन वीस किलोच्या पुढे जातं आणि उघडल्यावर त्याची पीळ सगळी ब्रॅकेटवर येते, म्हणून नुसत्या पत्र्यात बोल्ट घेऊ नका. आतलं पॅनेल उतरवून बॉडीच्या पट्ट्या कुठे आहेत ते बघा आणि ब्रॅकेट तिथेच आणा. एम ८ चे स्टेनलेस बोल्ट, आतून ५० बाय ५० मिलिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची प्लेट आणि हादऱ्याने सैल न होणारा नायलॉक नट. भोक पाडल्यावर कड कानशीने घासा, प्रायमर लावा, पूर्ण वाळू द्या, मग पॉलियुरेथेन सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन इथे वापरू नका. त्यातल्या आम्लाने उघडा पत्रा गंजतो. पॅनेल परत बसवण्याआधी पंधरा मिनिटं पाइपने पाणी मारून आतून हात फिरवून बघा.

ट्रॅव्हलरचं टप उंच असतं. कॅसेट पार वर लावलं तर तिरपं ऊन आणि पाऊस खालून आत येतात. दार उघडायला जागा सोडून शक्य तितकं खाली घ्या.

आरटीओचं म्हणाल तर, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल अशा बदलांबद्दल आहे. कॅसेट बाजूला किती पुढे येते ते मोजा, त्याने गाडीची रुंदी बदलते. तेवढा आकडा आणि कंपनीचं माहितीपत्रक घेऊन एमएच १५ च्या कार्यालयात आधी विचारा, भोकं नंतर पाडा. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

प्रश्न : ओलं गुंडाळलेलं ऑनिंग आठवड्याने उघडलं तर काळे ठिपके. निघतील? (नाशिकरोड)

बुरशी आहे. एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी, मऊ ब्रश, अर्धा तास ठेवून साध्या पाण्याने धुवा. डाग थोडे राहतीलच. ब्लीचिंग पावडर लावू नका, शिवण कमकुवत होते. यापुढे ओलं गुंडाळलं तर दुसऱ्या दिवशी घरी उघडायचंच; सोसायटीत जागा नसेल तर निदान अर्धं उघडून पंख्याचा वारा द्या. शिवणीतून थेंब येऊ लागले असतील तर वाळल्यावर आतून सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारं द्रावण) फिरवा.

प्रश्न : थंडीत निफाडकडे मुक्काम असतो. ऑनिंगला चारी भिंती लावून आत शेगडी ठेवली तर चालेल? (पंचवटी)

कोळशाची शेगडी मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि गाडीचं दार उघडं असलं तर तो झोपायच्या जागेतही शिरतो. गॅसवर स्वयंपाक करायचा असेल तर दोन समोरासमोरच्या भिंती वर बांधा, शेगडी कापडापासून मीटरभर लांब आणि उताराच्या खालच्या कडेपासून दूर ठेवा. पॉलिस्टर पेटण्याआधी वितळून अंगावर ठिबकतं. थंडीत ऑनिंगचा खरा फायदा दवाचा. उघड्यावरच्या खुर्च्या सकाळी ओल्याचिंब असतात, छताखालच्या कोरड्या राहतात. त्यासाठी भिंतींची गरज नाही, आणि वारा नसलेल्या रात्री छत उघडं ठेवायलाही हरकत नाही. पुढचे दोन्ही पाय मात्र बांधून ठेवा.