प्रवासाचे प्रश्न : परतीचा दिवस आणि दोन कुटुंबं

प्रश्न : ताई, आम्ही आणि माझ्या कॉलेजमधल्या मित्राचं कुटुंब जमेल तेव्हा एकत्र परदेशी जातो. सगळी सहल छान होते आणि शेवटच्या दिवशी माशी शिंकते. या वेळी परतीचं विमान रात्री अकराचं आहे. मित्राला त्या दिवशी दोन तासांवरचा एक किल्ला बघायचाय. 'एवढे पैसे भरलेत, दिवस फुकट का घालवायचा' असं त्याचं म्हणणं. माझ्या बायकोला बॅगा आवरून निवांत बसायचंय. मुलं कोणाच्या बाजूने आहेत ते दर तासाला बदलतं. त्यात हिशेब विमानतळावरच्या बाकड्यावर बसून होतो आणि कोणाचा तरी चेहरा हमखास पडतो. काय करावं?

उत्तर : किल्ला आदल्या दिवशी बघा, नाहीतर सोडून द्या. मित्राला माझं नाव सांगा, वाईटपणा मी घेते.

टूर लीडर म्हणून मी बरीच वर्षं गट फिरवले आणि परतीच्या दिवशी लांबचं ठिकाण कधी ठेवलं नाही. जाताना काही वाटत नाही, येतानाचा रस्ता आपल्या हातात नसतो. विमान रात्री अकराचं, म्हणजे आठला विमानतळ. बहुतेक आंतरराष्ट्रीय विमानांचं बॅगा घेणारं काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतं, आणि एकदा बंद झालं की समोरच्या बाईला कितीही गयावया करा, ती फक्त मान हलवते. आठला पोचायचं तर साडेसहाला हॉटेल सोडायचं. चेक-आउट बाराच्या आसपास. बारा ते साडेसहा हाच काय तो तुमचा दिवस, आणि त्यात जाऊन-येऊन चार तास बसमध्ये!

मला विचाराल तर चारपैकी तीन भांडणं या मधल्या तासांमुळे होतात. खोली गेलेली, बॅगा हॉटेलच्या सामानघरात, मुलं घामेजलेली, कपडे बदलायला जागा नाही. यावर सोपा उपाय म्हणजे दोन कुटुंबांत मिळून एक खोली संध्याकाळपर्यंत ठेवून घेणं. जादा पैसे पडतात, पण ते दोघांत वाटले जातात आणि सहा-सात जणांना आंघोळ करून विमानात बसता येतं. हॉटेलला हे आदल्या दिवशीच विचारा. सकाळी विचाराल तर खोली दुसऱ्याला दिलेली असते.

दुपारपर्यंत दोन्ही कुटुंबांनी वेगवेगळं फिरावं. हे ऐकून काही जणांना वाईट वाटतं, 'एकत्र आलो आणि शेवटच्या दिवशी वेगळे?' अहो, आठवडाभर रोज सकाळी 'निघायचं का, निघायचं का' करत एकमेकांची वाट बघितलीत, ती पुरे. मित्राला भटकू द्या, वहिनींना बसू द्या. चारला त्या खोलीवर भेटा आणि जवळच कुठेतरी सगळ्यांनी मिळून जेवा.

आता त्या 'फुकट गेलेल्या दिवसा'बद्दल. डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर केलेला 1993 सालचा एक प्रयोग आहे. लोकांना एकदा 14 अंशांच्या गार पाण्यात मिनिटभर हात ठेवायला लावला. दुसऱ्यांदा तेच मिनिट, आणि वर आणखी अर्धा मिनिट, ज्यात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत नेलं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं, त्रास जास्त वेळ असूनही. शेवट लक्षात राहतो म्हणून शेवटी काहीतरी भव्य करा, असा याचा अर्थ लोक लावतात. मला उलटं दिसतं. त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात आनंदाचं काहीच नव्हतं, पाणी जरासं कमी बोचत होतं, बस्स. परतीच्या दिवसाचंही एवढंच करायचं. किल्ला जोडायचा नाही, बोचणारं काढून टाकायचं.

आणि सगळ्यात बोचतो तो हिशेब. तो आदल्या रात्री करा, मुलं झोपल्यावर, जेवण झाल्यावर. भुकेल्या माणसांनी कॉन्ट्री काढू नये. शेवटपर्यंत सगळं त्या देशाच्या चलनातच लिहा आणि रुपयात एकदाच, एकाच दराने बदला. दर कुठला? ज्याच्या कार्डावरून जास्त खर्च झाला त्याच्या बँकेने लावलेला. बँका परदेशातल्या व्यवहारावर वेगळं शुल्क लावतात आणि ते नेहमी त्याच एका माणसाच्या खिशातून जातं. तो बोलत नाही, पण त्याला ते माहीत असतं. ते शुल्क हिशेबात धरा. हॉटेलने कार्डावर अडवून ठेवलेली अनामत मात्र धरू नका, ती खर्च नव्हे, काही दिवसांनी आपोआप सुटते. दुकानातल्या मशीनने 'रुपयात पैसे देणार का' असं विचारलं तर नाही म्हणा. तो दर जवळजवळ नेहमीच महाग असतो.

माणशी वाटायचं की कुटुंबाप्रमाणे, हा वाद परतीच्या रात्री काढायचा नसतो. तो निघण्याआधी मिटवायचा. तुमचा राहिला असेल तर या वेळी जे जास्त होईल ते तुम्ही सोसा आणि पुढच्या वेळी आधी ठरवा.

उरलेली नाणी हॉटेलच्या बिलात घाला. पैसे बदलून देणारे नोटा घेतात, नाणी बहुधा घेत नाहीत.

प्रश्न : परतताना माझ्या मुलीला तिच्या मैत्रिणीने काचेचा गोळा भेट दिला, हलवला की आत बर्फ पडतो तो. सुरक्षा तपासणीत तो काढून घेतला. दोघी विमानतळावर रडल्या. यात धोकादायक काय होतं?

उत्तर : गोळ्यात पाणी होतं, एवढंच. 2006 साली लंडनहून सुटणारी विमानं द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून केबिनमधल्या द्रवपदार्थांवर मर्यादा आली. अजूनही बहुतेक ठिकाणी 100 मिलीलीटरचीच आहे. भांडं केवढं ते बघतात, आत किती उरलंय ते नाही; दोनशेच्या बाटलीत तळाला चार थेंब असले तरी ती जाते. मुरंबा, मध, अत्तर, टूथपेस्ट सगळं त्यातच. गोळ्यात किती पाणी आहे हे लिहिलेलं नसतं, म्हणून तपासणारा धोका पत्करत नाही.

असल्या भेटी कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत घाला. पॉवर बँकेचं उलट आहे, ती मोठ्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवायची. विमानाच्या दाराशी जागा नाही म्हणून केबिनबॅग खाली पाठवायला घेतात ना, तेव्हा पॉवर बँक आठवणीने बाहेर काढा. इथेच बरेच जण विसरतात.

आणि मुलींना भेटी द्यायच्या तर आदल्या संध्याकाळी देऊ द्या. दोन कुटुंबांची विमानं वेगळी असतील तर निरोपही हॉटेलच्या दारातच घ्या. रांगेत बॅगा ढकलत, पासपोर्ट शोधत घेतलेला निरोप धड होत नाही आणि मुलांना तर काय चाललंय तेच कळत नाही.

प्रश्न : तिकिटावर 15 तारीख, वेळ 00:25. मी म्हणते 14 ला रात्री निघायचं, आमचे हे म्हणतात 15 ला. आमच्या मैत्रिणीचे यजमानही त्यांच्याच बाजूने.

उत्तर : तुमचं बरोबर. 00:25 म्हणजे 14 ची मध्यरात्र उलटून पंचवीस मिनिटं. 14 ला रात्री साडेनऊच्या आत विमानतळावर असा. हॉटेलचं बुकिंग 15 पर्यंत केलंय का तेही बघा. दोन्ही पुरुषांचा हिशेब असा असेल तर एक रात्र जास्त धरलेली असण्याची शक्यता आहे, आणि ती अजून रद्द करता येईल.