विदर्भातील टेकड्यांसाठी डाउनहिल सायकल घ्यावी की फ्रीराइड, आणि ७८ किलो वजनाला ती कशी सेट करावी?

यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या गावालगतच्या टेकड्यांवर चालवण्यासाठी दीड-दोन लाखांत डाउनहिल (नुसत्या उतारासाठीची) आणि फ्रीराइड (उड्या व कठड्यांसाठीची) यांपैकी कोणती सायकल घ्यावी, असे आपण विचारले आहे, आणि पुण्यातील एक जुनी २०० मिलिमीटर ट्रॅव्हलची (म्हणजे चाक एवढे वर-खाली हलणारी) डाउनहिल सायकल स्वस्तात मिळत असल्याचेही लिहिले आहे. ती सायकल घेऊ नका. हे मी एवढ्या ठामपणे सांगतो, कारण तशीच एक जुनी सायकल तशाच स्वस्तात मी घेतली होती, आणि तिने माझे खांद्याजवळचे हाड मोडले. त्या हाडावरून आमच्या घरात सुरू झालेला वाद आजही मिटलेला नाही.

मी अचलपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो. आमच्या वावरांच्या मागे एक बरड टेकडी आहे. तिच्या माथ्यावरून गुरांची वाट खाली नाल्यापर्यंत उतरते. वर सैल मुरूम, मध्ये काळ्या दगडाच्या दोन-तीन पायऱ्या आणि शेवटी गोट्यांनी भरलेली पांदण, असा तो मार्ग आहे. उतरायला दीड मिनिट लागते आणि सायकल ढकलत वर न्यायला पंचवीस मिनिटे. हे दोन आकडे मी सायकल घेण्याआधी कागदावर लिहून पाहिले असते, तर बराच खर्च वाचला असता. डाउनहिलच्या शर्यती जेथे होतात, तेथे सायकलस्वार स्वतः वर चढत नाही. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमचा प्रसिद्ध मार्ग सुमारे २.८ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून अधिक खाली येतो, आणि तेथे माणसाला व सायकलीला रोपवेच्या पाळण्यात बसवून वर नेतात. या प्रकारची सायकल त्याच व्यवस्थेसाठी घडवलेली असते. तिचे वजन सोळा-सतरा किलोंच्या घरात असते, सीट उंच करता येत नाही, चढाचे गिअर नसतात आणि पुढचा चिमटा (चाक धरणारा फोर्क) एवढा कललेला असतो की सपाटीवर हँडल जड लागते. आपल्याकडे चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे खरा, परंतु तेथून खाली येणारा रस्ता डांबरी आहे, आणि आजूबाजूच्या जंगलाविषयी पुढे लिहितो.

आता प्रसंग सांगतो. ती सायकल मूळची परदेशातून आणलेली होती. विकणारा गृहस्थ उंचापुरा, पंचाण्णव किलोंच्या आसपासचा होता, आणि माझे वजन तेव्हा ६२ किलो होते. मागच्या शॉकअपवर जाड गुंडाळीची स्प्रिंग होती आणि तिच्यावर ५०० हा आकडा छापलेला होता, ज्याचा अर्थ तेव्हा मला ठाऊक नव्हता. सायकल कडक लागते, असे मी त्याला फोनवर सांगितल्यावर त्याने स्प्रिंगवरची कॉलर (तिला दाबून धरणारी कडी) सैल करण्याचा सल्ला दिला. मी ती एवढी सैल केली की स्प्रिंग हाताने हलवली तर खडखडू लागली, पण कडकपणा तसूभरही कमी झाला नाही. मग मी शॉकअपच्या खालचा लाल खटका शेवटपर्यंत मोकळा केला, कारण मोकळा म्हणजे मऊ, अशी माझी समजूत होती. तो रिबाउंडचा खटका होता. दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उसळावी, एवढेच तो ठरवतो. मी तिचा लगाम काढून टाकला होता.

चौथ्या दिवशी सकाळी दुसऱ्या दगडी पायरीवरून उतरताना मागचे चाक दबले आणि पुढच्याच क्षणी उधळलेल्या गोऱ्ह्यासारखे वर आले. सीटने मला मागून ढकलले. मी घाबरून डाव्या हाताचा ब्रेक दाबला, कारण लहानपणापासून आपल्या सायकलींवर डावा हात म्हणजे मागचा ब्रेक असतो. त्या सायकलीवर डाव्या हाताला पुढचा ब्रेक होता. अमेरिकेत तीच पद्धत आहे. पुढचे चाक जागीच थांबले, मी हँडलवरून पलीकडे गेलो आणि खांद्यावर पडलो. हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला, वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा.

माझा मोठा मावसभाऊ खाली पांदणीत उभा होता. त्याने मला उचलून मोटारसायकलवर बसवले, डॉक्टरांकडे नेले, प्लास्टरच्या पट्ट्याचे पैसे दिले, आणि परतीच्या वाटेवर म्हणाला, “तुले ब्रेक दाबाची अक्कल नाही, अन् सायकलले नावं ठेवतं.” हे वाक्य त्याने नंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक पोळ्याला आणि माझ्या सासऱ्यांसमोरही उच्चारले आहे. दादांविषयी मला आदर आहे. तरीही पुढे जे लिहितो आहे, ते त्यांनी वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

हात गळ्यात असताना मी टेप घेऊन बसलो. सायकलस्वार नुसता बसल्यावर शॉकअप स्वतःच्या पूर्ण चालीच्या किती टक्के दबतो, याला सॅग म्हणतात, आणि अशा सायकलीला मागे तो साधारण ३० टक्के असावा लागतो. माझ्या शॉकअपची चाल ७५ मिलिमीटर होती. पत्नीने दोन्ही बोल्टांमधले अंतर एकदा सायकल रिकामी असताना आणि एकदा मी भिंतीला टेकून बसलेलो असताना मोजले. फरक जेमतेम १३ मिलिमीटर आला, आणि यायला हवा होता २२. २०० मिलिमीटर ट्रॅव्हल आणि ७५ मिलिमीटर चाल म्हणजे चाक शॉकअपच्या सुमारे २.६७ पट हलते. हेल्मेट व कपड्यांसह माझ्या वजनाचा साधारण पासष्ट टक्के भार मागे येतो असे धरून हिशोब केला, तेव्हा मला ३०० ची स्प्रिंग हवी होती, असे निघाले (स्प्रिंगवरचा आकडा म्हणजे तिचा कडकपणा, पौंड प्रति इंचात). म्हणजे पंचाण्णव किलोंच्या माणसाची सायकल मी ६२ किलोंनी चालवत होतो, आणि वरून तिचा लगामही सोडून दिला होता. कॉलर फिरवल्याने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त तिचा आरंभीचा दाब बदलतो. दोन फेऱ्यांहून अधिक कॉलर आवळावी लागत असेल, तर स्प्रिंगच चुकीची आहे, असे समजावे.

आपल्या ७८ किलोंसाठी अशाच मापाच्या सायकलीला हाच हिशोब ३५० च्या जवळ येतो. पण ती सायकल आपण घेऊच नये, हे मी वर सांगितले आहेच.

मग काय घ्यावे? दोन लाखांत खरी डाउनहिल सायकल नवी मिळणे कठीण आहे, आणि फ्रीराइडचेही तेच. १७० ते १८० मिलिमीटरची फ्रीराइड सायकल उड्या आणि उंच कठड्यांसाठी असते, ती थोडीफार चढतेही, पण आपल्याकडे ते कठडे कोण बांधणार? मी आज १६० मिलिमीटरची, हवेच्या शॉकअपची सायकल चालवतो. आपण नव्यानेच सुरुवात करत असाल, तर १३० ते १४० मिलिमीटरचा चांगला चिमटा असलेली, मागे शॉकअप नसलेली सायकल घ्या आणि उरलेले पैसे ब्रेक, टायर व हेल्मेटवर घाला. मागे शॉकअप असलेली घेतलीच, तर हवेच्या शॉकअपचा लाभ म्हणजे वजन बदलले की स्प्रिंग मागवावी लागत नाही. शॉकअपचा छोटा पंप असला की घरी दोन मिनिटांत काम होते, मात्र तो पंप सायकलीबरोबरच मागून घ्या, कारण तालुक्याच्या ठिकाणी तो मिळत नाही.

सेट करताना प्रथम सॅग पाहावा, मागे शॉकअप असेल तर तेथे ३० टक्के आणि पुढे २० टक्क्यांच्या आसपास. चिमट्याच्या दांडीवर रबरी रिंग नसेल, तर चिमटा किती दबला हे कळण्यासाठी झिप टाय बांधावा. त्यानंतरच रिबाउंडला हात लावावा. लाल खटका सहसा रिबाउंडचा आणि निळा कॉम्प्रेशनचा, म्हणजे दबण्याचा वेग ठरवणारा, असतो. लाल खटका पूर्ण बंद करून, मग एकेक टिचकी मोजत उघडावा, आणि दर वेळी सीटवर बसून ओट्याच्या एका पायरीवरून सावकाश खाली उतरावे. मागचा भाग दबून एकदा वर यावा आणि तेथेच थांबावा. तो दुसऱ्यांदा उसळला, तर एक-दोन टिचक्या बंद कराव्यात. टिचक्यांचा आकडा पाटीवर लिहून ठेवावा. मी आजही गोठ्याच्या दारामागे खडूने लिहितो.

ब्रेकविषयी मात्र मी थोडा वेळ घेणार आहे, कारण या खेळातील सुरुवातीच्या एका शर्यतीचे नावच ब्रेकच्या दुखण्यातून आलेले आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकलींवरून डोंगर उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींना पायडल उलटे मारून लावायचा ब्रेक मागच्या हबमध्ये असे, आणि एका उतारात तो एवढा तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे व हब उघडून ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच त्या उताराला आणि शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. डोंगरी सायकलींसाठी रॉकशॉक्स कंपनीचा पहिला सस्पेन्शन चिमटा १९८९ साली आला, म्हणजे शॉकअपशिवाय हे लोक तेरा वर्षे उतरत होते, पण ब्रेकशिवाय एक दिवसही नाही. आपण चार पिस्टनचे हायड्रॉलिक ब्रेक आणि पुढे २०० मिलिमीटरच्या आसपासची डिस्क घ्यावी. नवे पॅड बसवल्यावर वेगातून पंधरा-वीस वेळा, चाक न अडवता, चालण्याच्या गतीपर्यंत सायकल हळू करावी, म्हणजे पॅड डिस्कवर बसतात. आमच्या गावच्या मिस्त्रीने प्रेमापोटी चेनबरोबर डिस्कवरही तेल सोडले होते, कारण फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेल द्यावे, असे तो शिकला आहे. ते पॅड मला फेकून द्यावे लागले. तसेच ब्रेकमध्ये खनिज तेल चालते की डॉट द्रव, हे लीव्हरवर वाचूनच भरावे. एकाच्या जागी दुसरा भरला, तर आतील रबर फुगून ब्रेक निकामी होतो.

आणि सायकल घरी आल्यावर पहिल्याच दिवशी, दारात उभे राहून, कोणता हात कोणते चाक अडवतो ते पाहावे. नळ्या अदलाबदल करता येतात. हे काम दोनशे-तीनशे रुपयांचे आहे.

टायर ट्यूबलेसच करावेत. सराटे आणि बाभळीचे काटे असलेल्या मुलखात ट्यूब वापरणे म्हणजे रोज पंक्चर काढणे. जाड आवरणाच्या टायरला आपल्या वजनासाठी पुढे २४ आणि मागे २७ पीएसआय हवेच्या दाबापासून सुरुवात करावी. आपल्या उन्हाळ्यात आतील सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) लवकर सुकते, त्यामुळे महिना-दीड महिन्याने टायर उघडून पाहावे. पावसाळ्यात काळ्या मातीत ही सायकल नेऊच नये, कारण दहा पावलांत चाक फिरायचे थांबते.

आता राहिलेल्या गोष्टी. तोंड झाकणारे हेल्मेट आणि गुडघ्यांचे संरक्षण याशिवाय उतरू नये. हे मी आधी लिहायला हवे होते. मेळघाट किंवा टिपेश्वरसारख्या संरक्षित जंगलात परवानगीशिवाय चाक घालू नये, टेकडी वनविभागाची असेल तर आधी विचारावे, आणि एकट्याने कधीही उतरू नये. मला उचलायला दादा होते. तसेच, माझे टक्केवारीचे आकडे आरंभबिंदू आहेत. आपल्या सायकलीच्या पुस्तिकेत वेगळे दिले असेल, तर ते मानावे.

हात बरा झाल्यावर मी ३०० ची स्प्रिंग मागवली, रिबाउंड लावला, ब्रेकच्या नळ्या बदलल्या आणि दादांना मुद्दाम त्याच पांदणीत उभे करून त्याच पायऱ्यांवरून उतरलो. सायकल जमिनीला चिकटून आली. मोबाइलवर मोजलेली वेळ पूर्वीच्या माझ्या उत्तम वेळेपेक्षा चार सेकंदांनी कमी होती. दादा म्हणाले, “आता तू हळू आला.” मी मोबाइल दाखवला, तर म्हणाले, “मोबाइलचं काही खरं नसते.”

एक कबुली मात्र द्यायला हवी. पडण्याआधी तीन दिवस मी ती सायकल चालवत होतो, आणि डाव्या हाताला पुढचा ब्रेक आहे हे मला पहिल्याच संध्याकाळी अंगणात कळले होते. नळ्या बदलायचे काम मी रविवारवर ढकलले होते, आणि पडलो शनिवारी. हे दादांना मी अद्याप सांगितलेले नाही. ती ५०० ची स्प्रिंग आमच्या गोठ्यात पडून आहे. दादांचे वजन आता ९४ किलो झाले आहे, आणि गेल्या महिन्यात त्यांनी ती कितीला देतोस, असे विचारले.