रिकामी वाकळ देऊ नये

चि. चिऊ,

अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी जेवताना तू विचारलंस आणि मी घास गिळता गिळता "हो, आपल्यातपण शिवतात की" एवढं बोलून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी पहाटे हेलिकॉप्टरमध्ये बसलो आणि खाली काळं पाणी बघत असताना लक्षात आलं की तुझा प्रश्न दोन पदरी होता आणि मी एकच पदर धरला. आता तीन आठवडे समुद्रातल्या या लोखंडी मचाणावर आहे. ड्युटी संपली की लिहायला वेळच वेळ. आज्जीनं व्हिडिओवर तुला वाचायला शिकवलंय, तेव्हा मराठीतच लिहितो. अडलं तर तिलाच विचार, तिला आवडेल.

तुझा प्रश्न असा होता. दर शनिवारी लायब्ररीत बायका आणि तुम्ही मैत्रिणी उरल्यासुरल्या कापडाचे चौकोन जोडून रजया शिवता, त्या इस्पितळातल्या लहान मुलांना आणि घर सोडून यावं लागलेल्या बायकांना जातात. आपल्यात असं करतात का? आणि आपल्या जुन्या कपड्यांचं पांघरूण दुसऱ्याला दिलं तर त्याला राग येत नाही का?

पहिल्याचं सांगतो. पुस्तकात तिला गोधडी म्हणतात. आपल्या चिकोडी भागात ती वाकळ. समोरच्या घरातल्या कानडी अक्का तिलाच कौदी म्हणायच्या. आमच्या सोप्यात तीन-चार बायका एकाच वाकळेवर वाकून बसलेल्या असायच्या आणि नाव काय यावर कुणी भांडत नसे. भांडण व्हायचं ते टाका मोठा पडला यावरून.

तुमच्या रजईत वरचे चौकोन नवे, मधे विकत आणलेला मऊ थर आणि खाली अस्तर असतं. वाकळेत कापूस नसतोच. कापूस गादीत आणि रजईत, त्याला पिंजारी लागतो. वाकळ म्हणजे कापडावर कापड. तुझं गणित चांगलं आहे म्हणून सांगतो: लुगडं नऊ वार, म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार पदर केले की पावणेसात फुटांची लांबी मिळते. पन्हा साधारण चार फूट. म्हणजे एका लुगड्यात एका माणसाच्या मापाचे चार थर, कात्री न लावता. दोन थर खाली, दोन वर, आणि पोटात आजोबांची धोतरं, माझे शाळेचे शर्ट, विटलेली परकरं, टेलरकडच्या चिंध्या. वर विरलेलं दिसलं की तिथं रंगीत ठिगळ. तुम्ही ज्याला नक्षी म्हणता ती आमच्याकडं बऱ्याचदा भोक झाकायला आलेली असते.

शिवायचे दिवस सुगी संपल्यावरचे, पावसाच्या आधीचे. दुपारी जेवणं झाली की सोपा झाडून लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, अडकित्ता, जे हाताला येईल ते ठेवायचं आणि आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे. मग पक्की शिवण कडेपासून सुरू. चौघी चार बाजूंना. एकीचा दोरा कोपऱ्याला पोचला की वळायचा आणि अशा आत आत सरकत सगळ्या मधल्या चौकोनाकडं यायच्या. पहिल्या दिवशी एकमेकींशी मोठ्यानं बोलावं लागायचं, शेवटच्या दिवशी डोक्याला डोकं लागायचं. कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते नेहमी शेवटच्या दिवशीच बोललं जायचं, हे मी आठ वर्षांचा असतानाच ओळखलं होतं.

मी तिथं का? सुया ओवायला. चाळिशी लागलेल्या बायकांना जाड सुईचं नेढंसुद्धा दिसत नाही. मी दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचो. दोरा मेणबत्तीवर ओढून घ्यायचा, म्हणजे गुंता होत नाही. दर सुईमागं एक शेंगदाणा, असा करार होता.

त्यातल्या एक मावशी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जायच्या. त्यांचं लुगडं कितीही धुतलं तरी वास जायचा नाही. ते ज्या वाकळेत जायचं तिच्याखाली झोपलं की पहिल्या रात्री शिंका. तुमच्या गटाचा नियम तू वाचून दाखवलास ना, रजई सिगारेट ओढणाऱ्याच्या घरातली नसावी, कापड नवं आणि धुतलेलं असावं? आज्जीची निम्मी वाकळ तिथंच नापास. मला नियम चुकीचा वाटत नाही. आजारी पोराला श्वासाचा त्रास असेल तर तंबाखूचा वास काय कामाचा.

जाता जाता अजून एक. खानापूरच्या पलीकडं हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या बाजूला सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात ती कवंदी. तीही कडेपासून आत शिवत नेतात, पण चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी चिंध्या एकावर एक बसवतात. त्याला फुला म्हणतात. फुला नसतील तर कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. तुला कोपरे नीट जमत नाहीत म्हणालीस ना, हे करून बघ.

आता दुसरा पदर. राग येतो का? येतो. मी बघितलाय.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदमच फुगल्या. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. आपल्या घरात कंबरभर पाणी. मी सुट्टी काढून पोचलो तोवर पाणी उतरलं होतं आणि चिखल उरला होता. ट्रंकेतल्या सगळ्या वाकळा भिजलेल्या. भिजलेली वाकळ किती जड होते सांगू? मला आणि तुझ्या काकाला मिळून एक उचलेना. पिळायला दोन बाजूंना दोन माणसं आणि वाळायला, तेही ऊन असलं तर, दोन-तीन दिवस. उन्हाचा पत्ता नव्हता. तीन वाकळा कुजल्या, त्या आज्जीनं खड्ड्यात पुरल्या आणि त्या दिवशी जेवली नाही.

शाळेपुढं टेम्पो यायचे, लांबच्या लांब शहरांतून, मदत घेऊन. तांदूळ, पाणी, मेणबत्त्या आल्या, ते फार कामाला आलं. आणि जुने कपडे आले. गाठोडी सोडून तिथंच ओतलेले. बटणं तुटलेले शर्ट, एका पायाचा मोजा, घाम वाळून कडक झालेले बनियन, कुणाच्या तरी लग्नातली जरीची शेरवानी. पुरातून उठलेल्या माणसानं शेरवानी घालून चिखल काढायचा होता की काय कोण जाणे. दोन दिवस लोकांनी चाळून बघितलं, मग कुणी हात लावेना. ढीग पावसात भिजत राहिला, त्यावर गावातली कुत्री झोपायला लागली. आमच्या शेजारच्या काकू, पत्र्याच्या शेडमध्ये दोन पोरं घेऊन राहिलेल्या, मला म्हणाल्या, "आमचं घर पडलंय, आमी न्हाई पडलो." मदत पाठवणाऱ्यांत माझ्यासारखेही असतील. मीही आपलं कपाट आवरून पिशव्या भरून दिल्यात आणि पुण्य केल्यासारखा झोपलोय.

आठवड्यानं आज्जी त्या ढिगाजवळ गेली. सुती तेवढं वेचलं. तीन पोती भरली. काकू रागावल्या, असल्या कपड्याला हात कशाला लावता म्हणाल्या. आज्जी म्हणाली, "कापडानं काय वाईट केलंय?" गरम पाण्यात सोडा टाकून दोनदा धुतलं, उन्हं पडल्यावर वाळवलं, बटणं आणि चेन काढून वेगळी केली, शिवणी उसवल्या. मग मावशी आल्या, अक्का आल्या, आणि रागावलेल्या काकूही आल्या. आल्या त्या सुई स्वतःची घेऊन. लुगडी वाहून गेलेली, म्हणून वरचा पदरही चौकोन जोडून केला, अगदी तुमच्यासारखा. साखर कारखाने सुरू होईपर्यंत अकरा वाकळा झाल्या. गावातल्या पडलेल्या घरांत सात दिल्या. घेताना कुणी तोंड फिरवलं नाही. कापड त्याच ढिगातलं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

उरलेल्या चार ऊसतोड करणाऱ्यांना. ही माणसं बीडकडून, विजापूरकडून येतात, शेताच्या कडेला पाचटाच्या कोप्या घालून सगळा हंगाम राहतात. थंडीत पहाटे तीनला कोयता हातात. आज्जीबरोबर तुझा काका गेला होता, त्यानं सांगितलेलं लिहितो. आज्जी वाकळ कधी नुसती देत नाही. आत मूठभर ज्वारी आणि गुळाचा खडा ठेवते, रिकामी वाकळ देऊ नये म्हणते. कोपीतली पोरगी असेल वीस-एकवीस वर्षांची, पोटुशी. तिनं वाकळ उलगडली, उलटीपालटी केली, शिवण बोटानं चाचपली, एके ठिकाणी टाका सुटलेला दाखवला. आज्जीनं तिथंच बसून घातला. मग तिनं विचारलं, "किती द्यायचे?" आज्जी नको म्हणाली. पोरीनं वाकळ घडी करून परत पुढं ठेवली.

काका म्हणतो, बराच वेळ दोघी गप्प.

शेवटी पोरगी उठली आणि वाढ्याची एक पेंडी घेऊन आली. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, गुरांचं खाणं. ऊसतोड्यांना ते विकून चार पैसे मिळतात. "तुमच्या म्हशीला," म्हणाली. आज्जीनं पेंडी काकाच्या डोक्यावर दिली आणि वाकळ तिथं राहिली. आपल्याकडं तेव्हा म्हैस नव्हती, पुराआधीच विकली होती. ते आज्जी तिला बोलली नाही. पेंडी काकूंच्या रेडकाला घातली.

दिल्लीचे अंशू गुप्ता यांनी १९९९ साली 'गूंज' नावाची संस्था काढली, त्यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेही जुने कपडे निवडून, नीट करून गावोगाव नेतात, पण फुकट वाटत नाहीत. गावानं आपल्याच गावात विहीर, रस्ता असलं काही काम करायचं, त्याचा मोबदला म्हणून कपडे. मी हे वाचलं तेव्हा मला ती पेंडीच आठवली. आज्जीला यातलं काही माहीत नाही आणि सांगितलं तर म्हणेल, त्यात नवीन काय.

जुन्या कापडाचा कमीपणा आपल्यात तसा नव्हताच, हेही लिहून ठेवतो. तू जन्मलीस तेव्हा तुझी आई नवे झबले घेऊन तयार होती आणि आज्जीनं बेळगावहून पार्सल पाठवलं होतं: पणजीच्या विरलेल्या लुगड्याची दुपटी. बाळाला आधी जुनंच लावायचं. नवं कापड खरखरीत असतं, अंगाला टोचतं, आणि म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य बाळाला लागो असाही हेतू. तुझ्या आईनं ती दोनदा उकळून घेतली आणि मगच वापरली. दोघींचंही बरोबर होतं.

तेव्हा शनिवारी जाशील तेव्हा माझ्या कपाटातल्या खालच्या खणातला निळा चौकटीचा शर्ट घेऊन जा. कॉलर घासलीय, पाठ चांगली आहे, शुद्ध सुती आहे. जुनं चालतं का ते आधी तिथल्या बाईंना विचार. नाही म्हणाल्या तर घरच्या वाकळेला ठेव, मी आल्यावर सुरू करू. सुया मी ओवतो. शेंगदाण्याचा भाव आता वाढलाय. आणि बटणं फेकू नकोस, आज्जी मोजून विचारते.

तुझा,
बाबा