होडी उलटणारच असं धरून बॅग भरा

प्रश्न : नमस्कार ताई. मी भुसावळचा, वय 47. जानेवारीत आम्ही 12 जण एका ग्रुपबरोबर जाऊ राहिलो, दोन रात्री तीन दिवस, धरणाच्या बॅकवॉटरला कयाक आणि कनू चालवायच्या अन् काठावर तंबूत राहायचं. संयोजकांनी सामानाची यादी पाठवलीय ती वाचूनच दम लागला. मी लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेलो आहे, पण कयाकमध्ये आजवर बसलेलो नाही. कयाक घेऊ का कनू? आणि तयारी नेमकी कशाची करायची? घरचे घाबरू राहिलेत.

उत्तर : भाऊ, यादी जरा बाजूला ठेवा, आधी एक गोष्ट मनात पक्की करा की होडी उलटणार आहे. उलटेलच असं नाही, बहुतेक वेळा उलटतही नाही, पण तसं धरून चाललं की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात, बॅग कशी भरायची, कपडे कोणते, मोबाईल कुठे ठेवायचा सगळं. मी पहिल्या ट्रिपला हे धरलं नव्हतं. कोरडे कपडे आणि चादर कचऱ्याच्या काळ्या पिशवीत गाठ मारून ठेवलं होतं, काठाला लागताना उतरायची घाई केली, होडी कलंडली, पाणी कमरेएवढंच होतं पण गाठीतून आत गेलं ते गेलंच, आणि आपल्याकडची जानेवारीतली रात्र तुम्हाला मी काय सांगू, उघड्या काठावर रात्रभर दात वाजत होते. दुसऱ्याच महिन्यात ड्राय बॅग, म्हणजे पाणी आत न जाणारी पिशवी घेतली. तिचं तोंड हवा काढून निदान तीनदा घट्ट गुंडाळायचं आणि मग क्लिप लावायची, एकदाच दुमडली तर ती पण कचऱ्याची पिशवीच. घरी बादलीत दाबून बघा, बुडबुडे आले तर पुन्हा गुंडाळा.

आता कयाक का कनू. कयाकमध्ये पाय पुढे पसरून खाली बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. कनू म्हणजे वरून उघडी होडी, एकच पातं, गुडघे टेकून किंवा पट्टीवर बसून चालवतात आणि तिच्यात सामान भरपूर मावतं. कनू वाऱ्याला जास्त धरते, कयाक पाण्याला चिकटून असते. तुम्ही पहिल्यांदाच जाताय तर पहिल्या दिवशी दोघांच्या कयाकमध्ये अनुभवी माणसाबरोबर बसा, मात्र आधी घरी एक करा, भिंतीला पाठ लावून पाय सरळ पसरून तासभर जमिनीवर बसा. कंबर बोंबलली तर अजून वेळ आहे, रोज थोडं थोडं वाढवा. दंडाची ताकद लागते असं सगळ्यांना वाटतं, खरं म्हणजे वल्हं कमरेतून वळून मारायचं असतं आणि मूठ सैल ठेवायची, नाहीतर पहिल्याच दिवशी फोड येतात.

विहिरीत पोहलात हे चांगलंच, पण डबा पाठीला होता म्हणून तरलात आणि इथे डब्याच्या जागी लाइफ जॅकेट आहे हे विसरू नका. जॅकेट घातल्यावर सगळे पट्टे ओढा आणि कुणाला तरी खांद्याला धरून वर उचलायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं आहे, दुसरं मागा, लाजू नका. पाण्यात असेपर्यंत ते काढायचं नाही, फोटोसाठी पण नाही.

संयोजकांना विचारायची मुख्य गोष्ट ही, की निघण्याआधी काठाजवळ मुद्दाम होडी उलटवून परत चढायला शिकवणार का. पडलात तर होडी सोडायची नाही, डोकं पाण्यात दिसत नाही, होडी लांबून दिसते. वरती बसायची, म्हणजे पाय आत घालायला पोकळी नसलेली कयाक असेल तर ती सरळ करून मधोमध पोटावर चढायचं, मग कूस बदलून बसायचं, शेवटी पाय. ऐकायला सोपं, पहिल्या तीन वेळा बेडकासारखं घसरायला होतं. हे शिकवणार नाही म्हणाले तर मी त्या ग्रुपबरोबर जाणार नाही, स्पष्टच सांगते. पुढे एक होडी, शेवटी एक होडी आणि मधले सगळे या दोघांच्या नजरेत, हा नियम आहे का ते पण विचारा. प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी हवी, तीनदा वाजली म्हणजे मदत.

आणि हो, घरी सराव म्हणून तापीच्या डोहात एकटे जाऊ नका. आपण दर पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडल्याच्या बातम्या वाचतो, पण पावसाळा संपला म्हणजे नदी तळं झाली असं नसतं, वरून पाणी सोडलं जातं. तरणतलावच बरा.

धरणाच्या काठाचं एक सांगते जे यादीत नसतं. रब्बीचं आवर्तन, म्हणजे पिकांसाठी कालव्याला पाणी सुटलं की पाणी मागे सरकतं आणि आपल्या काळ्या मातीचा गाळ उघडा पडतो, वरून सुकलेला दिसतो आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. चप्पल तिथेच राहते. म्हणून मागून पट्टा असलेली सॅंडल किंवा जुने बूट. मच्छीमारांची जाळी पण असतात, रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोल ओळीने तरंगताना दिसला की लांबून वळसा घ्या, ती कुणाची तरी रोजी आहे.

वारा दुपारी वाढतो, म्हणून संयोजक पहाटे उठवतील, कुरकुर करू नका. भरलेल्या होडीने तासाला 4 किलोमीटर गेलात तर छान चाललात असं समजा, वारा तोंडावर असेल तर त्याच्या निम्मं.

प्रश्न : मी अमळनेरची. मला पोहता येत नाही, जाऊ का? आणि बायकांच्या अडचणींचं काय?

उत्तर : जॅकेट नीट बसलेलं, संयोजकांना आधी सांगितलेलं आणि दोघांची होडी, एवढं असेल तर शांत पाण्यात जाता येतं. तोंडावर पाणी आलं की घाबरायला होतं का हे मात्र आधी उथळ पाण्यात बघा, खरी अडचण तिथे येते. काठावर आडोशाचा तंबू आहे का ते फोनवरच विचारा, मोघम उत्तर आलं तर नाही असं समजा. पॅड लागणार असतील तर ते वेगळ्या छोट्या ड्राय बॅगेत ठेवा, वापरलेले परत आणायला जाड पिशवी. सुती ड्रेस नको, ओला झाला की दिवसभर वाळत नाही, पॉलिस्टरचा ट्रॅक सूट बरा.

प्रश्न : शिरपूरहून लिहितोय. आमच्या ग्रुपमध्ये जेवणावरून वाद आहे. निम्मे म्हणताय वरण-बट्टी तिथेच करू, निम्मे म्हणताय मॅगी न्या. पाणी किती न्यायचं?

उत्तर : मॅगीसाठी एवढ्या लांब कशाला जायचं! पण काठावर गोवऱ्या पेटवून बट्टी भाजायचं डोक्यातून काढा, वनखात्याच्या हद्दीत जाळ चालत नाही आणि वाऱ्यावर ठिणगी उडते. बट्ट्या घरून करून न्या, तिथे गॅसवर वरण टाका आणि बट्टी तुपात परता. भरताची वांगी पण घरी काड्यांवर भाजून, सोलून डब्यात न्या, गॅसवर भाजलेल्याला तो वास येत नाही. पहिल्या रात्री हे संपवायचं. दुसऱ्या दिवशी कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि कच्चा कांदा. बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, न्या पण डब्यात, पिशवीत त्यांचा चुरा होतो.

पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला धरून माणशी दिवसाला 4 लिटर, म्हणजे तीन दिवसांचे 12 लिटर, म्हणजेच 12 किलो. 20 लिटरचा जार नेऊ नका, अर्धा रिकामा झाला की आतलं पाणी डुचमळतं आणि होडी एका बाजूला कलते. 5 लिटरचे कॅन घ्या, मधोमध, अगदी तळाशी, दोन्ही बाजूला सारखे ठेवा आणि बांधा. चहा-साखर मात्र हाताशी ठेवा, काठाला लागल्या लागल्या सगळ्यांना तेच हवं असतं.